दुहेरी म्हणजे दुय्यम नव्हे

गेले काही दिवस एक शब्द डोक्यात घोळतो आहे. शब्द अगदी साधा आहे, 'फक्त'. सानिया मिर्झाचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतेच, "खेळायची छान, पण शेवटी जिंकली ती फक्त दुहेरीत." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. बहुतेकांनी तिचे सामने कौतुकाने पाहिलेले असतात. तरीही हा 'फक्त' जिभेवर येतो. मला तो खटकतो. का खटकतो ते आज सविस्तर लिहायचे आहे. लेख थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी तिच्या कारकिर्दीची उजळणी करू, कारण आठवणी धूसर होतात आणि नव्या मुलांना तर ती टीव्हीवरच्या मुलाखतींमुळेच जास्त माहीत आहे. सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ चा, मुंबईचा. वाढली आणि खेळायला शिकली हैदराबादला. २००३ मध्ये विम्बल्डनची मुलींची दुहेरी जिंकली. २००५ मध्ये हैदराबादचीच स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीएचे एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सशी हरली, आणि अमेरिकन स्पर्धेत चौथ्या फेरीत पोहोचून मारिया शारापोवाशी हरली. ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ती सत्ताविसाव्या स्थानावर होती. एकेरीत एवढ्या वर तोवर कोणतीही भारतीय स्त्री गेली नव्हती.

या 'पहिली' शब्दाला मागे किती वर्षे होती तेही पाहा. विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे लीला राव, साल १९३४. आपल्याला त्यांचा अभिमान असायला हवा, कारण त्या पुण्याच्या पंडिता क्षमा राव यांच्या कन्या. 'सत्याग्रहगीता' संस्कृतात लिहिणाऱ्या त्याच क्षमाबाई. आजोबा वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित. अशा घरातली मुलगी रॅकेट घेऊन इंग्लंडला गेली आणि जिंकली. त्यानंतर १९९८ साली ऑस्ट्रेलियात निरुपमा वैद्यनाथनने पहिली फेरी जिंकली, तेव्हा टेनिसच्या खुल्या युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. मधे चौसष्ट वर्षे गेली. आमच्या पिढीतल्या मुलींचे सगळे बालपण, तारुण्य आणि बरीचशी नोकरी त्या चौसष्ट वर्षांत मावते. त्यामुळे सत्ताविसावा क्रमांक ऐकून 'बरे आहे' म्हणणाऱ्यांना मला नेहमी विचारावेसे वाटते की तुम्ही मोजायला नेमकी कुठून सुरुवात केलीत?

पुढे शरीराने साथ सोडायला सुरुवात केली. मनगट दुखावले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकेरीचा पहिलाच सामना तिला अर्धवट सोडावा लागला. कारकिर्दीत मनगटावर आणि गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. टेनिसपटूचे मनगट म्हणजे गवयाचा गळा. ते गेले की आपल्याकडे लोक हळहळतात, सत्कार करतात आणि विषय संपवतात. सानियाने विषय संपवला नाही. तिने एकेरी सोडली आणि सगळी ताकद दुहेरीकडे वळवली. 'फक्त'वाल्यांच्या मते इथे तिची खरी कारकीर्द संपली. माझ्या मते ती इथे सुरू झाली.

आकडे बोलतात. ग्रँड स्लॅमची सहा विजेतेपदे. मिश्र दुहेरीत महेश भूपतीबरोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि २०१२ मध्ये फ्रान्स, ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर २०१४ मध्ये अमेरिका. महिला दुहेरीत मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ चे विम्बल्डन, त्याच वर्षीची अमेरिकन स्पर्धा आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन. दुहेरीत डब्ल्यूटीएची एकूण ४३ विजेतेपदे. १३ एप्रिल २०१५ रोजी ती दुहेरीत जगात पहिली झाली आणि सगळे मिळून ९१ आठवडे पहिली राहिली. कोणत्याही क्षेत्रात पाऊणेदोन वर्षे जगात पहिले राहणाऱ्या माणसाविषयी आपण 'फक्त' म्हणत नाही.

आता थोडे खेळाविषयी, कारण 'दुहेरीत काय, अर्धेच मैदान सांभाळायचे' असा एक समज आहे. मी काही टेनिस खेळलेली नाही, पण पाहून पाहून आणि वाचून जे समजले ते सांगते. एकेरीचे मैदान २७ फूट रुंद असते, दुहेरीत दोन्ही बाजूंच्या पट्ट्या धरून ३६ फूट. म्हणजे रुंदी नऊच फुटांनी वाढते आणि माणसे मात्र दुप्पट होतात. मोकळी जागा जवळजवळ उरत नाही. एकेरीत तुम्ही समोरच्याला इकडून तिकडे पळवून दमवू शकता. दुहेरीत चेंडू पडायला जागा शोधावी लागते, आणि ती क्षणात शोधावी लागते, कारण समोर जाळीजवळ एक खेळाडू टपून उभी असते. आपण सर्व्हिस करतो तेव्हा आपली जोडीदारीण पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते, मी आता कुठे सरकणार आहे ते सांगते. मागचीने त्यावर विश्वास ठेवून सर्व्हिस करायची. डोळ्यांसमोर रिकामी दिसणारी बाजू ती झाकेल असे गृहीत धरायचे. इथे पाय कमी धावतात हे खरे, पण डोके आणि डोळे दुप्पट धावतात.

सानियाचा फोरहँड पहिल्यापासून जबरदस्त. सर्व्हिस आणि धावणे या तिच्या उण्या बाजू होत्या, हे तिचे चाहतेही मान्य करतील. एकेरीत प्रतिस्पर्धी या उण्या बाजूंवर बोट ठेवत. दुहेरीत तिने असे साथीदार निवडले की तिच्या उण्या बाजूवर दुसरीचे पांघरूण पडावे आणि दुसरीच्या उण्या बाजूवर तिचा फोरहँड. हिंगिसकडे ताकद कमी, पण जाळीजवळचा हात आणि नजर अशी की चेंडू कुठे येणार हे तिला आधीच कळते असे वाटावे. एक मागून तोफ डागणार, दुसरी पुढे ती संधी टिपणार. मार्च २०१५ मध्ये दोघी एकत्र आल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्लस्टन अशा पहिल्या तीनही स्पर्धा जिंकल्या. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर सुरू झालेली त्यांची विजयाची मालिका ४१ सामने चालली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दोह्याला थांबली. दोघींनी मिळून १४ विजेतेपदे मिळवली.

एक गंमत सांगते. याच हिंगिसला सानियाने २००६ मध्ये सोलच्या स्पर्धेत एकेरीत हरवले होते. हिंगिस म्हणजे एकेरीत पाच ग्रँड स्लॅम जिंकलेली, एकेकाळची जागतिक अव्वल. म्हणजे जी एकदा जाळीच्या पलीकडे होती, ती नऊ वर्षांनी अलीकडे येऊन उभी राहिली.

विम्बल्डनचा २०१५ चा अंतिम सामना ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. समोर एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना या रशियन जोडीदारणी. पहिला सेट ५-७ असा गेला. दुसरा टायब्रेकवर कसाबसा जिंकला. तिसऱ्यात २-५ अशी पिछाडी. एक गेम गेला की संपले. तिथून दोघींनी ५-५ अशी बरोबरी केली. तेवढ्यात उजेड कमी झाला, खेळ थांबवून मैदानावरचे छप्पर बंद केले, दिवे लावले, आणि परत येऊन दोघींनी ७-५ असा सेट घेतला. २-५ असताना एकटा माणूस खचतो तेव्हा त्याला सावरणारा तोच असतो. दोघे असताना एकाच्या चेहऱ्याकडे दुसऱ्याचे लक्ष असते. हे वर्गात शिकवता येत नाही, एवढे मात्र मी चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग सांभाळल्यावर खात्रीने सांगू शकते.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मांडले पाहिजे, नाही तर ही नुसती भक्ती होईल. दुहेरीची किंमत खुद्द टेनिसच कमी लावते. २०१५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ३ लाख ४० हजार, म्हणजे प्रत्येकीला १ लाख ७० हजार. साधारण अकरावा हिस्सा. शिवाय आज एकेरीत वरच्या क्रमांकावर असलेल्या पुष्कळ खेळाडू दमणूक टाळण्यासाठी दुहेरी खेळत नाहीत. तेव्हा दुहेरीतली पहिली आणि एकेरीतली पहिली एकसारख्या कशा, असा प्रश्न कोणी केला तर तो चुकीचा नाही. एकसारख्या नाहीतच. पण वेगळ्या असणे आणि कमी असणे यात फरक आहे. मार्टिना नवरातिलोवाने एकेरीत १८ ग्रँड स्लॅम जिंकली आणि महिला दुहेरीत ३१. विल्यम्स भगिनींनी मिळून १४ वेळा दुहेरी जिंकली. त्यांना कोणी सांगितले नव्हते की हा कमी दर्जाचा खेळ आहे. बक्षिसाची रक्कम प्रेक्षक किती येतात यावर ठरते. गुणवत्ता त्यावर ठरायला लागली तर कीर्तनकारापेक्षा डीजेवाला मोठा म्हणावा लागेल.

मला वाटते, दुहेरीला दुय्यम मानण्याची सवय आपल्याला टेनिसमुळे लागलेली नाही. ती आपल्या रक्तातच आहे. खो-खो घ्या, आपला अस्सल मराठी खेळ. गडी बाद करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. पण ज्याने अचूक क्षणी खो दिला, ज्याच्यामुळे तो गडी कोंडीत सापडला, त्याचे नाव कोणी विचारत नाही. शाळेत बक्षीस समारंभाच्या वेळी हे मी कितीदा पाहिले आहे. आमच्या येवल्याच्या संक्रांतीचेही तसेच. तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते. पतंग कापला की आरोळी उठते आणि ती उडवणाऱ्याच्या नावाने उठते. मागे आसारी धरून उभा असलेला, ढील कधी द्यायची आणि दोरा कधी गुंडाळायचा हे न सांगता ओळखणारा भाऊ किंवा बहीण त्या आरोळीत कुठेच नसते. (बाहेरगावच्यांसाठी, आसारी म्हणजे आमच्याकडची फिरकी.) दोघांच्या कामाचे श्रेय एकाला देऊन मोकळे व्हायचे, हा आपला स्वभाव.

पण इथेच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर माझ्या म्हणण्याचा भलताच अर्थ निघेल. 'बाईने मागे उभे राहून आसारी धरावी, त्यातच मोठेपण आहे' असे मी म्हणत नाही. मुळीच नाही. टेनिसच्या दुहेरीत दोघीही मैदानात असतात. सर्व्हिस दोघींना आळीपाळीने करावी लागते. चषक दोघी मिळून उचलतात, पैसे निम्मे निम्मे वाटले जातात आणि फलकावर दोन नावे असतात. घरात बाईला अर्धांगिनी म्हणायचे, दुकानाच्या पाटीवर, सात-बारावर आणि बँकेच्या खात्यावर मात्र एकच नाव ठेवायचे, याला दुहेरी म्हणत नाहीत. तो एकेरीचा सामना झाला आणि बाई त्यात चेंडू उचलून देणारी.

सानियाच्याच बाबतीत असे एकदा झाले. २०१२ च्या जूनमध्ये ती आणि भूपती यांनी फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. लंडन ऑलिंपिक अगदी तोंडावर होते. कोणालाही वाटेल की हीच जोडी ऑलिंपिकला जाणार. पण तेव्हा पुरुष दुहेरीत लिअँडर पेसबरोबर कोण खेळणार यावरून मोठा वाद चालला होता. शेवटी पेसला तुलनेने नवखा विष्णू वर्धन जोडीदार मिळाला आणि मिश्र दुहेरीत सानियाची जोडी अखिल भारतीय टेनिस संघटनेने पेसशी लावली. सानिया गप्प बसली नाही. एका नाराज खेळाडूची समजूत घालण्यासाठी आपला आमिष म्हणून वापर झाला, असे तिने जाहीर निवेदन काढून सांगितले. आणि मग देशासाठी त्याच जोडीदाराबरोबर खेळली. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली.

मला तिचे हे निवेदन तिच्या सहा चषकांइतकेच मोलाचे वाटते. जोडीचा खेळ खेळणाऱ्या माणसालाच जोडी म्हणजे काय ते कळते. ती दुसऱ्यांनी बसून ठरवायची, देण्याघेण्याची वस्तू नव्हे. आपल्याकडे मुलींच्या जोड्या कशा ठरतात हे आठवले म्हणजे या निवेदनाचे वजन आणखी कळते.

जोडी जशी जुळवता आली पाहिजे तशी सोडताही आली पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये सानिया आणि हिंगिस वेगळ्या झाल्या. तोवर क्रमवारीत दोघी संयुक्तपणे पहिल्या होत्या. लगेच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात दोघी समोरासमोर आल्या, सानियाबरोबर चेक प्रजासत्ताकाची बार्बोरा स्ट्रिकोवा आणि हिंगिसबरोबर अमेरिकेची कोको वँडवे. सानिया जिंकली आणि एकटी पहिली झाली. तरी वर्षअखेरच्या स्पर्धेला आधीच पात्र ठरलेल्या असल्यामुळे सानिया आणि हिंगिस पुन्हा एकत्र खेळल्या. ना रुसवा, ना फुगवा. आपल्या भावकीत बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला चालतो, त्यांनी हे वाचावे.

पुढचे थोडक्यात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये ती परत आली आणि होबार्टची पहिलीच स्पर्धा युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर जिंकली. जानेवारी २०२३ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या मिश्र दुहेरीची अंतिम फेरी गाठली, तिथे हरली. फेब्रुवारीत दुबईला पहिल्याच फेरीत हरून तिने व्यावसायिक टेनिस थांबवले. वय छत्तीस. शेवटचा सामना हरलेला असला तरी मला त्याचे काही वाटले नाही. शेवटचा तास कोणता शिकवला यावरून कोणी शिक्षकाची नोकरी मोजत नाही.

आता आपल्याकडे येऊ. सानियाच्या साथीदारांची यादी काढली तर त्यात एक नाव सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे आहे, प्रार्थना ठोंबरे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत या दोघींनी महिला दुहेरीचे कांस्यपदक आणले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकलाही दोघी एकत्र खेळल्या. पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीशी तीन सेट झुंजून हरल्या. बार्शी म्हणजे भगवंताचे देऊळ आणि धान्याची बाजारपेठ. तिथली मुलगी ऑलिंपिकच्या टेनिस मैदानावर उभी राहिली, ती दुहेरीमुळे. आणि आमच्याहून फार लांब नसलेल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. तिने २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गेला होता. दुसरा ६-३ घेतला आणि निर्णायक टायब्रेक १०-४.

बार्शीचे पदक दुहेरीचे, श्रीरामपूरचे पदक दुहेरीचे. या दोन्ही पदकांना कोणी 'फक्त' लावून दाखवावे.

लहान गावातल्या मुलीच्या दृष्टीने याला फार अर्थ आहे. आपल्याकडे मुलीच्या खेळाला घरातून मुदत दिलेली असते. दहावीपर्यंत खेळ, फार तर बारावीपर्यंत. त्या मुदतीत ती 'पहिली' आली नाही, किंवा मधेच गुडघा दुखावला, की झाले तेवढे पुरे म्हणून रॅकेट माळ्यावर जाते. सानियाची कारकीर्द दाखवते की एक रस्ता बंद झाल्यावर त्याच खेळात दुसरा रस्ता असतो, आणि तो पहिल्यापेक्षा लांब नेऊ शकतो. मात्र त्या रस्त्याला आपण 'फक्त'ची पाटी लावून ठेवली तर मुलगी तिकडे वळणारच कशी?

म्हणून नातेवाईकांना आणि या ब्लॉगवर येणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे. घरातली एखादी मुलगी बॅडमिंटनच्या, टेबल टेनिसच्या किंवा टेनिसच्या दुहेरीत जिंकून आली, तर "आणि एकेरीत?" असे लगेच विचारू नका. आधी तिच्या जोडीदारणीचे नाव विचारा, आणि दोघींना घरी जेवायला बोलवा.

तुमचे मत वेगळे असेल तर जरूर लिहा. मला उत्तर टंकायला वेळ लागतो, पण मी देते.